अमेरिकेतल्या कॉलेजात ‘रायटिंग रिक्वायरमेंट’साठी लिटरेचरचा कोर्स कसा निवडायचा

बारावी सायन्स करून इकडे अमेरिकेत कॉम्प्युटर नाहीतर मेकॅनिकलच्या बॅचलर्सला आलेल्या आपल्या मुलांना पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळते जी घरून निघताना कोणी सांगितलेली नसते. डिग्रीच्या यादीत मॅथ-फिजिक्सच्या बरोबरीने ‘रायटिंग’ नावाचा एक रकाना असतो आणि मेजर (मुख्य विषय) कुठलंही असलं तरी तो भरल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत भरपूर मार्क असले तरी उपयोग नाही, ते प्रवेशापुरते. बऱ्याच कॉलेजांत हा रकाना, किंवा त्यातला अर्धा, लिटरेचरचा एखादा कोर्स घेऊन भरता येतो, आणि मग मुलं कॅटलॉग उघडतात, त्यात पन्नास नावं दिसतात, त्यातलं जे सोपं वाटेल त्यावर क्लिक करून मोकळी होतात.

मी पण तेच केलं होतं. मी नाशिकची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, इकडे सायन्सची डिग्री करायला आले आणि आता सहा वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर आहे, म्हणजे मुलं आपापले पेपर घेऊन येतात आणि आम्ही टेबलाशी बसून त्यावर काम करतो. दर सेमिस्टरला आपल्याकडची दोन-तीन तरी हुशार मुलं चुकीचा कोर्स घेऊन अडकलेली समोर येतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांच्यात कमी काहीच नसतं, फक्त निवडताना काय बघायचं ते माहीत नसतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढते.

एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: ज्या कोर्समध्ये तुमचं लिखाण मार्क पडायच्या आधी कोणीतरी वाचतं तो कोर्स घ्या. कोर्सचं नाव, पुस्तकं, वेळ हे सगळं त्याच्या नंतर.

आधी स्वतःच्या कॉलेजचा नियम वाचा, मित्राच्या नाही

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. तुमचा चुलतभाऊ दुसऱ्या युनिव्हर्सिटीत असतो, तो सांगतो की मी शेक्सपिअर घेतला आणि माझं रायटिंग झालं, तुम्ही पण शोधून शेक्सपिअर घेता आणि तुमच्याकडे तो चालत नाही. प्रत्येक ठिकाणचा नियम खरंच वेगळा असतो. हार्वर्डमध्ये एक्स्पोझिटरी रायटिंगचा (मुद्देसूद लेखनाचा) कोर्स सगळ्यांना करावाच लागतो, १८७२ पासून ही पद्धत आहे, लिटरेचरचा दुसरा कुठला कोर्स घेऊन तो चुकवता येत नाही, फक्त त्याच्यातच वेगवेगळ्या थीमचे सेक्शन, म्हणजे एकाच कोर्सचे वेगवेगळे वर्ग, असतात त्यातून निवडायचं. एमआयटीत असं आहे की एकूण चार ‘कम्युनिकेशन इंटेन्सिव्ह’ विषय करायचे, त्यातले दोन ह्युमॅनिटीजमधले आणि दोन मेजरमधले, आणि ह्युमॅनिटीजमधल्या दोनसाठी लिटरेचरचे बरेच कोर्स चालतात. येलला रायटिंगचा शिक्का (हा कोर्स रायटिंगला चालतो अशी कोर्सपुढची खूण) असलेले दोन कोर्स लागतात. बर्कलीला ‘रीडिंग अँड कॉम्पोझिशन’ म्हणून ए आणि बी असे दोन भाग आहेत, आणि ते इंग्लिश, कम्पॅरेटिव्ह लिटरेचर, रेटरिक, एवढंच काय साउथ एशियन स्टडीजचं डिपार्टमेंटसुद्धा शिकवतं, म्हणजे एकाच रिक्वायरमेंटसाठी निवड प्रचंड. आणि फ्लोरिडात तर थेट शब्द मोजतात, गेन्सव्हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडात एकूण २४,००० शब्दांची रिक्वायरमेंट आहे आणि कोर्सच्या पुढे तो २,०००चा आहे की ४,०००चा की ६,०००चा ते लिहिलेलं असतं, तिथे दोन-दोन हजाराचे कोर्स गोळा करत बसलात तर किती सेमिस्टर जातील बघा.

तर तुमच्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये, आणि तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षाच्या कॅटलॉगमध्ये, कारण नियम बदलतात आणि तुम्हाला साधारणपणे प्रवेशाच्या वर्षीचा लागू होतो, हे शोधा:

रिक्वायरमेंट एका कोर्सची आहे की दोन. दोन असेल तर पहिला बहुतेक ठिकाणी साधा कॉम्पोझिशनचा, म्हणजे निबंधलेखनाचा असतो, तो झाल्याशिवाय लिटरेचरच्या कोर्सला रजिस्टरच होता येत नाही.

कोर्सला रायटिंगचा शिक्का आहे का. नुसतं इंग्लिश डिपार्टमेंटचा कोर्स आहे म्हणून तो रायटिंगला चालेल असं मुळीच नाही, शेजारी-शेजारी दोन लिटरेचरचे कोर्स असतात, एकावर शिक्का असतो, दुसरा फक्त ह्युमॅनिटीजला चालतो. कधीकधी एकाच कोर्सच्या काही सेक्शनला शिक्का असतो आणि काहींना नसतो, म्हणून सेक्शनच्या ओळीत बघा.

किमान ग्रेड किती लागते. आणि ग्रेडऐवजी नुसतं पास-नो पास घेतलेलं चालतं का, बहुतेक चालत नाही.

कधीपर्यंत संपवायचं. बर्कलीच्या लेटर्स अँड सायन्समध्ये पहिला भाग दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत आणि दुसरा भाग चौथ्यापर्यंत असा नियम आहे, तुमच्याकडे वेगळा असेल पण कुठलातरी असणारच.

ग्रेडच्या मुद्द्यावर मी जरा थांबते कारण तिथेच माझं एक सेमिस्टर गेलं. आमच्याकडे किमान सी लागत होती आणि मला सी मायनस मिळाली. तेवढ्या ग्रेडने क्रेडिट मिळतं, जीपीएमध्ये ती धरली जाते, ट्रान्स्क्रिप्टवर कोर्स पास दिसतो, आणि रायटिंगचा रकाना मात्र रिकामाच राहतो. मला हे थेट पुढच्या वर्षी ऑनलाईन डिग्री ऑडिट, म्हणजे डिग्रीतलं काय झालं आणि काय राहिलं याची यादी, उघडल्यावर कळलं, तो लाल रंग मला अजून आठवतो. फ्लोरिडात तर या दोन गोष्टी पार वेगळ्या धरतात, कोर्समध्ये ग्रेड चांगली पण रायटिंगचं क्रेडिट नाही, किंवा उलट, असं होऊ शकतं हे तिथल्या सिलॅबसमध्ये स्पष्ट छापलेलं असतं.

हे सगळं शोधून झालं की अ‍ॅडव्हायझरला भेटा आणि बोलून झाल्यावर मेल टाका, की आपलं असं असं बोलणं झालं, अमुक कोर्सचा अमुक सेक्शन माझ्या रायटिंगला चालेल ना. उत्तर लेखी आलं पाहिजे. अ‍ॅडव्हायझर बदलतात, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आधीच क्रेडिट आहे का ते पण बघा

आयबी केलेलं असेल किंवा इथल्या हायस्कूलमधून एपी इंग्लिश (कॉलेजच्या पातळीची परीक्षा) दिलेलं असेल तर काही भाग माफ होऊ शकतो. एपीचे मार्क १ ते ५ असतात आणि कुठल्या मार्काला काय मिळतं ते प्रत्येक कॉलेज आपलं ठरवतं. न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात वाढलेल्या मराठी मुलांना हे माहीत असतं, पुणे-नागपूरहून थेट येणाऱ्यांना यातलं काही लागू नसतं, त्यांनी पुढे चला. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून कोर्स करून मग युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर असिस्ट नावाची सरकारी वेबसाईट आहे तिच्यावर कुठला कोर्स कुठे कशाच्या बदल्यात चालतो ते आधी बघा आणि मगच पैसे भरा.

कोर्स निवडू नका, सेक्शन निवडा

कॅटलॉगमध्ये ‘इंट्रोडक्शन टू फिक्शन’ असं एकच नाव असतं, पण त्याचे एका सेमिस्टरला दहा सेक्शन असू शकतात आणि दहा जण शिकवत असतात. एकीकडे १९ मुलं गोल करून बसतात, एकीकडे १२० जणांचं लेक्चर असतं आणि तुमचा पेपर तुम्ही कधी न बोललेला टीए, म्हणजे शिक्षकाच्या मदतीला असलेला विद्यार्थी, तपासतो. नाव तेच, क्रेडिट तेवढीच. आपल्याकडे बोर्डाचा सिलॅबस एकच असतो त्यामुळे ही गोष्ट आपल्या डोक्यातच येत नाही, आपण विषय निवडतो, शिकवणारा नशिबाने मिळतो. इथे उलटं आहे, विषय साधारण चालतो, शिकवणारा चांगला लागतो.

म्हणून रजिस्ट्रेशन सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी क्लास शेड्यूल उघडा (कॅटलॉग नाही, शेड्यूल, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत), शिक्का असलेल्या सेक्शनची यादी काढा, प्रत्येकापुढे शिकवणाऱ्याचं नाव आणि सीट किती ते लिहा. २५च्या वर सीट असलेले सेक्शन शक्यतो बाजूला काढा. माझा अनुभव असा की एका शिक्षकाकडे वीस पेपर असले तर तो समासात लिहितो, साठ असले तर शेवटी दोन ओळी लिहितो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मग उरलेल्यांचे जुने सिलॅबस शोधा. बरीच डिपार्टमेंट वेबसाईटवर ठेवतात, नसेल तर डिपार्टमेंटच्या ऑफिसला मेल करा, देतात. रेट माय प्रोफेसर्स या मुलांनी शिक्षकांबद्दल लिहिण्याच्या वेबसाईटवर बघायला हरकत नाही पण तिथे ‘ईझी ए’ हे शब्द शोधू नका, ‘फीडबॅक’ आणि ‘ड्राफ्ट’ हे शब्द शोधा. कोणी रागाने लिहिलेलं असतं की या बाईंनी माझा पेपर तीनदा परत लिहायला लावला. मी तर म्हणते तो सेक्शन सगळ्यात आधी यादीत वर घ्या.

सिलॅबस कसा वाचायचा

हे मी जरा उदाहरण घेऊन दाखवते. समजा तुमच्यासमोर दोन सेक्शन आहेत, दोन्ही तीन क्रेडिटचे, दोन्ही पंधरा आठवड्यांचे.

पहिल्यात लिहिलंय: मिडटर्म ३० टक्के, फायनल ३० टक्के, दहा पानी टर्म पेपर ४० टक्के, पेपर शेवटच्या आठवड्यात द्यायचा. दुसऱ्यात लिहिलंय: चार-पाच पानांचे तीन पेपर प्रत्येकी २० टक्के, शेवटी त्यातले दोन सुधारून पोर्टफोलिओ २५ टक्के, वर्गातला सहभाग १५ टक्के.

आपल्या मुलांना पहिला बरा वाटतो. परीक्षा आहे ना, परीक्षा आपल्याला येते, पेपर काय एकच आहे, बघू शेवटी. आणि दुसऱ्यात तीन-तीन पेपर बघून घाबरायला होतं. पण जरा हिशोब करा. पहिल्यात तुम्ही पूर्ण सेमिस्टरमध्ये एकदाच लिहिता आणि ४० टक्के मार्क त्या एका लिखाणावर, आणि तुमचं काय चुकतं ते तुम्हाला कोर्स संपल्यावर कळतं. दुसऱ्यात पहिला पेपर पार बिघडला तरी २०च टक्के जातात, काय चुकलं ते पाचव्या आठवड्यात कळतं, दुसरा त्यापेक्षा बरा होतो, आणि बिघडलेला पहिला शेवटी सुधारून परत देता येतो. ज्याला इंग्रजीत असं लिहायची सवय नाही त्याच्यासाठी दुसरा सेक्शन कितीतरी सुरक्षित आहे. एमआयटीच्या ह्युमॅनिटीजमधल्या त्या कम्युनिकेशन कोर्सना साधारण २० पानांचं लिखाण लागतं, ते अनेक पेपरात विभागलेलं असतं आणि निदान एक पेपर सुधारून परत द्यावा लागतो, हे त्यांनी उगाच ठेवलेलं नाही.

पानांची भीती काढून टाका. इथे एक पान म्हणजे एमएलए पद्धतीचं, १२ पॉइंट अक्षर, दोन ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूला एक इंच समास, त्यात २५० ते ३०० शब्द बसतात. पाच पानी पेपर म्हणजे साधारण चौदाशे शब्द.

वाचनाचा हिशोब मात्र खरंच करा, तो कोणी करत नाही. तीन क्रेडिटच्या कोर्सला वर्गाबाहेर आठवड्याला सहा तास द्यायचे असं इथे साधारण धरतात. आता सिलॅबसमध्ये प्रत्येक तासाला ६० पानं वाचून यायचंय आणि आठवड्यात दोन तास आहेत, म्हणजे १२० पानं. घड्याळ लावून बघा तुम्ही इंग्रजी साहित्य तासाला किती पानं वाचता, पेन हातात घेऊन, मोबाईल लांब ठेवून. मी पहिल्या वर्षी तासाला २० वाचायचे. म्हणजे सहाचे सहा तास वाचनातच गेले, लिहायला शून्य उरले. म्हणून यादीत कादंबऱ्या किती ते मोजा, पानं मोजा, सगळी बेरीज करून पंधराने भागा. आठवड्याला ५०-६०च्या वर जात असेल आणि त्याच सेमिस्टरला तुमचं डेटा स्ट्रक्चर्स किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्री असेल, तर तो सेक्शन सोडा.

आणखी दोन ओळी बघायच्या. एक, ‘कॉन्फरन्स’ हा शब्द आहे का, म्हणजे शिक्षकाबरोबर एकट्याने बसून ड्राफ्टवर बोलणं. दुसरी, चॅटजीपीटी वगैरेबद्दल काय लिहिलंय, कारण एका सेक्शनला चालतं आणि शेजारच्या सेक्शनला पूर्ण बंदी असते.

कुठल्या प्रकारचं लिटरेचर घ्यावं

माझं मत सरळ सांगते. पहिल्यांदा घेणार असाल तर शॉर्ट स्टोरी किंवा कविता. कथा वीस पानांत संपते, तीनदा वाचता येते, आणि पेपर चांगला होतो तो तिसऱ्या वाचनानंतरच. कवितेला आपली मुलं घाबरतात, पण मराठी शाळेत आपण दहावीला रसग्रहण लिहिलेलं असतं आणि त्याआधीच्या लोकांनी संदर्भासहित स्पष्टीकरण लिहिलेलं असतं, एक ओळ घ्यायची, कोण कोणाला म्हणतंय, हाच शब्द का, हे सांगायचं. इथे ज्याला क्लोज रीडिंग म्हणतात त्याची ती बैठकच आहे. फक्त आपण गाईडमधलं उत्तर पाठ करायचो आणि इथे उत्तर स्वतः काढावं लागतं. कच्चा माल आपल्याकडे आहे, हे मी मुलांना सेंटरमध्ये सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं.

नाटक पण चांगलं, वाचून पटकन होतं, नाटकाची सवय असलेल्या घरातल्या मुलांना तर बोलण्यातून माणूस ओळखायची सवय असतेच. शेक्सपिअर पहिल्या फेरीत नको, भाषेतच दम निघतो.

सर्व्हे कोर्स, म्हणजे ‘बिगिनिंग्ज टू १८००’ अशा नावाचे, त्यात माहिती भरपूर आणि लिखाण कमी. रायटिंगसाठी नको. सायन्स फिक्शन आवडत असेल तर घ्या, पण नाव बघून सोपं समजू नका, पेपर तितकाच कडक असतो.

आता साउथ एशियन लिटरेचर. आपल्या मुलांना हे घरचं मैदान वाटतं आणि खरंच ते होऊ शकतं, पण एक खड्डा आहे. मागे एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याच्या यादीत अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ हे कवितांचं पुस्तक होतं. ते कोलटकरांनी इंग्रजीतच लिहिलंय, १९७६ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला कॉमनवेल्थचं कवितेचं पारितोषिक मिळालं, आणि इकडच्या वर्गांत ते शिकवतात. हा मुलगा पुण्याचा, दोनदा जेजुरीला जाऊन आलेला, वर्गात एवढं माहीत असलेला तो एकटाच. त्याने पाच पानं लिहून आणली. त्यात खंडोबा होता, म्हाळसा-बाणाई होत्या, भंडारा, चंपाषष्ठी, गडाच्या पायऱ्या सगळं होतं आणि कविता कुठेच नव्हती. प्रोफेसरने समासात लिहिलं होतं की माहिती छान आहे पण कवितेचं काय.

आम्ही पहिलीच कविता परत उघडली, बसवरची. एस.टी. आहे, खिडक्यांना ताडपत्री, ती बटणं लावून बंद. प्रवासी बाहेरचं काही बघू शकत नाही. समोर एक म्हातारा बसलाय, त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत प्रवाशाला स्वतःचाच चेहरा दोन तुकड्यांत दिसतो, आणि कवी म्हणतो की तुला दिसणारा मुलुख काय तो एवढाच. मी त्याला विचारलं, देवाला निघालेला माणूस, आणि वाटेत त्याला काय दिसतंय? तो गप्प बसला, मग म्हणाला, “ताई, स्वतःच दिसतोय, आणि तो पण फुटलेला.” मी म्हटलं हे लिहून काढ, आत्ताच्या आत्ता. आधी त्याचं मुख्य वाक्य होतं की ही कविता श्रद्धा आणि अंधश्रद्धेबद्दल आहे, असं कुठल्याही कवितेबद्दल म्हणता येतं. नंतरचं वाक्य असं झालं की देवळाच्या पहिल्या पायरीच्या आधीच, बंद बसमध्ये, कवी प्रवाशाला देवाऐवजी त्याचा दुभंगलेला चेहरा दाखवतो आणि पुढचा सगळा प्रवास त्याच नजरेने होतो. याच्यावर वाद घालता येतो, पुरावा दाखवता येतो. एस.टी.च्या ताडपत्रीचा वारा कोपराला कसा लागतो हे त्याला माहीत होतं, ती त्याची जमेची बाजू, पण ती कवितेतल्या ताडपत्रीला धरून आली तेव्हाच कामाला आली.

तर साउथ एशियन घ्या, जरूर घ्या, फक्त आपल्या संस्कृतीची माहिती देणं हा पेपर नव्हे एवढं पक्कं ठेवा. आणि सिलॅबसमध्ये थिअरीचे लेख किती आहेत बघा, अशा कोर्समध्ये पोस्टकलोनियल (परक्या राजवटीच्या परिणामांचा विचार करणाऱ्या) थिअरीचं वाचन कधीकधी गोष्टींपेक्षा जड असतं.

शिकवणाऱ्याला एक मेल

दोन-तीन सेक्शन उरले की त्यांना मेल करा. आपल्याला वाटतं कशाला त्रास द्यायचा, पण इथे हे अगदी सर्रास चालतं. चार ओळी पुरतात: मी अमुक मेजरचा, इंग्रजी ही माझी दुसरी भाषा, तुमचा हा सेक्शन घ्यायचा विचार आहे, पेपर द्यायच्या आधी ड्राफ्ट दाखवता येतो का आणि मागच्या सेमिस्टरचा सिलॅबस मिळेल का. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’ नको, प्रोफेसर आणि आडनाव. उत्तरात काय आहे यापेक्षा उत्तर येतं का आणि कसं येतं ते बघा. ‘ऑफिस अवर्सना (मुलांना भेटायला ठेवलेल्या वेळेत) ये, बोलू’ असं कोणी लिहिलं तर तिथे निम्मं काम झालं.

काही कॉलेजांत इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांसाठी पहिल्या कॉम्पोझिशनचे वेगळे सेक्शन असतात, मल्टिलिंग्वल नावाचे. मुलांना त्यात जाणं कमीपणाचं वाटतं. तसं काही नाही, त्याच क्रेडिटचे असतात, वर्ग छोटे असतात, आणि ‘द’ कुठे लावायचा हे तिथे कोणीतरी शांतपणे समजावतं. आपल्या भाषेत ‘द’सारखं काही नाही, तर ते आपल्याला कसं येणार.

रजिस्ट्रेशन आणि पहिले दोन आठवडे

रजिस्ट्रेशनची वेळ उघडली की त्या मिनिटाला लॉग इन करा, छोटे सेक्शन अर्ध्या तासात भरतात. भरला असेल तर वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या तासाला जाऊन वर्गात बसा, पहिल्या आठवड्यात मुलं सोडतात, जागा होतात.

एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असाल तर दोन नियम डोक्यात पक्के हवेत. सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात, आणि त्यात मोजायला ऑनलाईन कोर्स एकच, तीन क्रेडिटपर्यंत, चालतो. म्हणजे लिटरेचरचा कोर्स झेपत नाही म्हणून सोडायचा असेल आणि तो सोडल्यावर तुम्ही ९ वर येत असाल, तर आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन डीएसओची, म्हणजे मुलांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी घ्या, मगच ड्रॉपचं बटण दाबा. आधी दाबून मग सांगितलं तर व्हिसाच्या स्टेटसवर येतं. यासाठी मी सगळ्यांना सांगते की ज्या सेमिस्टरला हा कोर्स घ्याल त्या सेमिस्टरला १५ क्रेडिट ठेवा, म्हणजे एक सोडायला जागा राहते.

अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घ्यायची-सोडायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये मोठ्या अक्षरात लिहा. तिच्या आत सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर खूण राहत नाही, नंतर सोडलं तर डब्ल्यू, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याची खूण, येतो. डब्ल्यू एखादा आला तर आकाश कोसळत नाही, आईवडिलांनीही त्यावरून मुलाला बोलू नये, पण फीचे पैसे तेव्हा बहुतेक ठिकाणी पूर्ण परत मिळत नाहीत. आणि त्या तारखेच्या आत स्वतःला दोन गोष्टी विचारा: वर्गात एकदा तरी मी तोंड उघडलं का, आणि वाचन वेळेत झालं का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर दुसरा सेक्शन बघा, वेळ आहे.

कोर्स सुरू झाल्यावर

पहिला पेपर द्यायच्या आठवडाभर आधी रायटिंग सेंटरची अपॉइंटमेंट घ्या. फुकट असतं, म्हणजे फीमध्येच आलेलं असतं. आदल्या रात्री येऊ नका, तेव्हा आम्ही फक्त स्वल्पविराम सुधारू शकतो.

कॉपीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे निबंधात गाईडची वाक्यं जशीच्या तशी लिहिणं म्हणजे चांगला अभ्यास केला असं धरतात. इथे वेबसाईटवरचं एक वाक्य अवतरणचिन्हाशिवाय आलं तर ते चोरीत मोडतं, समिती बसते, कोर्समध्ये नापास करू शकतात, सस्पेंडही करू शकतात, आणि सस्पेंड झालं की परत व्हिसाचा प्रश्न. माझ्यासमोर रडलेली मुलं लबाड नव्हती, त्यांना खरंच माहीत नव्हतं. म्हणून नोट्स काढतानाच दुसऱ्याचं वाक्य वेगळ्या रंगात लिहा, पान नंबर टाका.

आणि ऑफिस अवर्सला जा. मी दुसऱ्यांदा कोर्स घेतला तो १९ जणांचा शॉर्ट स्टोरीचा सेक्शन होता, बाईंनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली होती. माझ्या ड्राफ्टमधल्या एका वाक्याखाली त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं की हे तू म्हणतेस की गोष्टीतली मुलगी म्हणते. मला सांगता येईना. त्या पंधरा मिनिटांत मला पहिल्यांदा कळलं की निवेदक आणि लेखक वेगळे असतात, आणि मी आत्तापर्यंत जे वाचलं ते सगळं पुन्हा वाचावंसं वाटलं. त्या सेमिस्टरला मला बी प्लस मिळाली आणि रकाना हिरवा झाला.

कोर्स संपला की सिलॅबसची पीडीएफ, सगळे पेपर आणि त्यावरचे शेरे स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, कॉलेजच्या अकाउंटवर ठेवू नका, ते नंतर बंद होतं. दुसऱ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतलीत तर तिथे पहिल्यांदा सिलॅबसच मागतात, किती पानं लिहून घेतली ते बघायला, आणि कोर्सच्या नावावरून क्रेडिट नाकारलेलं असेल तर अर्जाला तोच पुरावा जोडायचा असतो.